शंभर वर्षांची विंचेस्टर ९४ हरणाच्या शिकारीला नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विंचेस्टरची मॉडेल १८९४ (थोडक्यात ‘९४’) कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, विकत घेतली आहे. ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे, नळी २० इंची, नळीवर ‘.३२ डब्ल्यू. एस.’ हा छाप आणि रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या भागाच्या) डाव्या अंगाला लोखंडी कडी. निळसर मुलामा बराच उडालेला आहे. येत्या हंगामात त्याला या रायफलने व्हाइट-टेल हरणाची शिकार करायची आहे. विचारणा चार गोष्टींची आहे: ती सुरक्षित आहे का, काडतूस कोणते, किती अंतरावरून गोळी झाडावी, आणि वापरल्याने तिची किंमत उतरेल का.

किमतीपासून सुरुवात करतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. मुलामा उडालेली, कोपरे झिजून पांढरे पडलेली, पण कोणी हात न लावलेली रायफल शिकारीला सर्वांत योग्य. संग्राहक पैसे मोजतो ते मूळपणाचे. नव्वद टक्के मुलामा शिल्लक असलेली ९४ रानात नेऊन खरचटवली तर पैसे पाण्यात गेले समजा. नंतरच्या काळात निघालेल्या स्मारक आवृत्त्यांची लिव्हर (चापाभोवतीची, काडतूस भरण्या-काढण्याची मूठ) तर उघडूसुद्धा नये. त्यांची किंमत ‘न झाडलेली’ या एका शब्दावर उभी असते आणि लिव्हर दोनदा फिरवली तरी ओरखडे उठतात. तुमच्या कार्बाइनचे तसे नाही. चार हंगाम रानात हिंडून तिची किंमत फारशी हलणार नाही. ती उतरेल ते तुम्ही ‘सुधारणा’ करायला गेलात तर. नवा मुलामा चढवणे, दस्ता (मागचे लाकूड) घासून वॉर्निश करणे, दुर्बिणीसाठी किंवा पट्ट्यासाठी भोक पाडणे यातले काहीही परत फिरवता येत नाही. नियम एकच ठेवा: जे काढून पूर्ववत करता येईल तेवढेच करायचे, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पाकिटात घालून त्यावर रायफलचा क्रमांक लिहून ठेवायचा.

रायफलच्या जन्मदाखल्याबद्दलही अनेक जण विचारतात. वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालय विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्यांवरून पत्र देते, पण १८९४ मॉडेलच्या त्यांच्याकडच्या नोंदी सुमारे साडेतीन लाखांच्या क्रमांकापर्यंतच आहेत. १९२० च्या दशकातल्या रायफलचा क्रमांक त्याच्या बराच पुढे जातो. तुमच्या रायफलला ते पत्र मिळणार नाही, त्यामुळे तिची अवस्था हाच तिचा दाखला.

आता कायद्याची बाजू, कारण अमेरिकेतल्या आपल्या लोकांपैकी बरेच जण एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो आणि घरात कपाटात ठेवलेली रायफल गुन्हा ठरते. नूतनीकरणाची तारीख विसरू नका. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’, म्हणजे पुरातन म्हणून या नियमाबाहेर, धरल्या जातात, पण त्यांत चालणारी आजची काडतुसे ही काडतुसेच धरली जातात, आणि तुमची रायफल तर त्या तारखेनंतरची आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. शंका असेल तर रायफल ताब्यात घेण्याआधी वकिलाला विचारा, नंतर नाही. आणि भारतात परतताना ती सोबत नेऊन तिकडे रानात फिरवण्याचा विचार कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथे छंदाची शिकार उरलेली नाही.

रायफलची तपासणी घरी अर्धी होते, उरलेली बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे. आधी ती रिकामी असल्याची खात्री करा: लिव्हर पूर्ण उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, करंगळी घाला आणि मॅगझिनच्या (काडतुसे साठवणाऱ्या खालच्या) नळीच्या तोंडाशी काडतुसे पुढे सारणारी टोपी दिसते का ते बघा. टोपी दिसली म्हणजे नळी रिकामी. मग घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धा मागे ओढून अडकवून, ठेवून चाप जोरात ओढा आणि घोड्याला मागून अंगठ्याने दाबा. घोडा घसरला तर ती रायफल तिथेच थांबली. या काळातल्या ९४ ला आडवे बटण वगैरे काही नाही. अर्धी खाच हीच तिची मुख्य सुरक्षा आहे, आणि शंभर वर्षांत कोणीतरी चाप हलका करायच्या नादात ती खाच घासलेली असू शकते. दुसरी सुरक्षा लिव्हरची. घोडा पूर्ण चढवून लिव्हर जराशी, बोटभर उघडी ठेवा आणि चाप ओढा. घोडा पडता कामा नये. लिव्हर दस्त्याशी घट्ट दाबल्यावरच चाप सुटला पाहिजे.

त्यानंतर लिव्हर मिटवून रिसीव्हरच्या मागच्या बाजूला पाहा. बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) पाठीमागे खालून वर सरकणारा जाड पोलादी ठोकळा पूर्ण वर येऊन बसला पाहिजे. ९४ चे कुलूप मागच्या टोकाला असल्यामुळे तिथली झीज थेट चेंबर आणि बोल्टमधल्या मोकळ्या जागेत दिसते. ही जागा मोजायला गेज लागतात, ते काम जाणकाराचे. मात्र चांदमारीत रिकाम्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी) वाचता आल्या पाहिजेत. प्रायमर (दारू पेटवणारी तळाची छोटी टोपी) पुंगळीच्या तळाबाहेर उचललेला दिसला तर जागा वाढलेली आहे. पुंगळीच्या बुडापासून थोड्या वर गोल चमकदार रेघ दिसली तर पुंगळी ताणली जाते आहे आणि एखादी तिथून तुटेल, झाडणे बंद.

नळीत खालून प्रकाश टाकून बघा. आटे (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या पेचदार खाचा) काळे दिसले, थोडे खड्डे असले तरी घाबरायचे कारण नाही. असल्या नळ्या शंभर यार्डांवर पुरेसा नेम देतात. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधले क्षार हवेतला ओलावा ओढतात, आणि तेलाने ते विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात. तेल लावूनही नळ्या सडल्या त्या यामुळे. काळजीची गोष्ट वेगळी आहे: नळीत एखादा गोल सावलीसारखा पट्टा दिसला आणि बाहेरून बोट फिरवल्यावर उंचवटा लागला, तर कधीतरी अडलेल्या गोळीवर दुसरी झाडलेली आहे. ती रायफल भिंतीवर लावायची.

नळीच्या तोंडाकडेही बघा. ९४ ची नळी मागून साफ करायची तर बोल्ट काढावा लागतो, म्हणून बहुतेकांनी आयुष्यभर पुढून सळई घातली. त्याने तोंडाजवळचे आटे एका बाजूला झिजतात, आणि गोळी नेमकी सुटताना कलते. मग दोष चेंबरचा नाही, तोंडाचा असतो.

दस्त्याची जागा दुखरी: टँगच्या (रिसीव्हरच्या दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीच्या) मागे, मनगटाशी, म्हणजे दस्त्याच्या बारीक भागाशी, केसासारखे बारीक तडे शोधा. टँगचा स्क्रू ढिला राहिला किंवा लाकूड तेल पिऊन मऊ झाले की प्रत्येक झटक्याला टँग पाचरीसारखा आत शिरतो. स्क्रू घट्ट करायला पात्याच्या दोन्ही बाजू समांतर असलेला, खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. घरातल्या साध्या पात्याने खाच चिंबली की संग्राहकाला ती दहा फुटांवरून दिसते.

काडतुसाकडे वळू. ‘.३२ डब्ल्यू. एस.’ म्हणजे .३२ विंचेस्टर स्पेशल, गोळीचा व्यास .३२१ इंच. .३०-३० या दुसऱ्या काडतुसाची गोळी .३०८ ची असते. दोन्ही पुंगळ्या एकाच घराण्यातल्या, आणि .३०-३० चे काडतूस तुमच्या चेंबरमध्ये बसते, सुटतेही; गोळी आट्यांना न पकडता खडखडत जाते आणि पुंगळीची मान फाटते. म्हणून घरात दोन्ही कॅलिबर असतील तर डबे वेगळ्या कपाटांत ठेवा. १९२० च्या दशकातल्या निकेल-स्टील नळीला .३२ स्पेशलची आजची कारखान्याची काडतुसे चालतात, रायफल तपासून घेतलेली असली म्हणजे झाले.

हा सरसकट परवाना मात्र समजू नका, कारण जुन्या लिव्हर रायफलींमधले खरे धोके इतर कॅलिबरमध्ये आहेत. १८९४ मॉडेल सुरुवातीला .३२-४० आणि .३८-५५ मध्ये आले, आणि त्या नळ्या काळ्या दारूच्या (जुन्या, कमी दाबाच्या गनपावडरच्या) हिशोबाने बनलेल्या असू शकतात. मार्लिन या दुसऱ्या कंपनीने तर १८९३ मॉडेलच्या काही नळ्यांवर ‘काळ्या दारूसाठी’ असा छापच मारला होता. .३८-५५ च्या चेंबरमध्ये .३७५ विंचेस्टरचे काडतूस सहज बसते; ते १९७८ चे, कितीतरी जास्त दाबाचे आहे, आणि जुन्या रायफलीत ते झाडणे म्हणजे आपला चेहरा पणाला लावणे. .४५-७० च्या डब्यांवर ‘फक्त आधुनिक रायफलसाठी’ लिहिलेले असते ते १८८६ मॉडेलच्या मालकाने अक्षरशः वाचावे. .४४-४० ची १८७३ आणि १८९२ ही मॉडेल एकच काडतूस खातात, पण १८७३ चा सांध्याचा बोल्ट नाजूक आहे आणि १८९२ ची दुहेरी कुलपे मजबूत. एकात चालते म्हणून दुसरीत चालेल असे नाही. आणि .३०३ सॅव्हेज, .३०३ ब्रिटिश ही नावाने भावंडे वाटली तरी एकमेकांच्या जागी कधीच चालत नाहीत.

तुमच्यासाठी १७० ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची, सपाट टोकाची, मऊ नाकाची गोळी. वेग साधारण २२५० फूट प्रतिसेकंद. टोक सपाट हवे कारण नळीच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेले असते. टोकदार धातूची गोळी झटक्याने तो प्रायमर पेटवू शकते. मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या याच अडचणीसाठी निघाल्या आणि त्या चालतात, पण शंभर यार्डांच्या आत त्यांचा फायदा जवळजवळ शून्य. पूर्ण तांब्याची गोळी तेवढ्याच वजनात लांब होते, आणि .३२ स्पेशलच्या नळीत आट्यांचा १६ इंचांत एकच फेरा आहे. झिजलेल्या आट्यांमधून लांब गोळी डळमळत जाऊ शकते. आधी कागदावर बघा, भोक गोल नसून आडवे लांबट पडले तर ती गोळी सोडून द्या. .३२ स्पेशल दुकानात नेहमी सापडत नाही. दिसली की एकाच लॉटचे तीन-चार डबे घ्या, एक डबा नेम लावायला आणि बाकीचे राखून.

जुने पिवळे पडलेले मूळ डबे रायफलसोबत आले असतील तर ते झाडू नका. त्यांचे मोल डब्यात आहे.

नेम लावताना पहिली चूक होते ती टेकू देण्यात. कार्बाइनची नळी, मॅगझिनची नळी, पुढचे लाकूड आणि दोन पट्ट्या एकमेकांना जखडलेल्या असतात. नळी किंवा लाकडाचे पुढचे टोक कडक पिशवीवर टेकवले की गोळ्या वर जातात, आणि रानात हातात धरून झाडल्यावर खाली पडतात. टेकू रिसीव्हरच्या जवळ द्या, मध्ये आपला हात ठेवा. नळी तापली की या जोडण्या एकमेकींना ओढतात आणि गोळ्या एका ओळीत सरकत जातात, म्हणून तीन झाडा, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. शिकारीत महत्त्वाची गोळी एकच, थंड नळीतली पहिली. तिची जागा वेगवेगळ्या दिवशी तपासा.

कार्बाइनची पुढची साइट (नेम धरायची खूण) नळीवरच्या ठोकळ्यात पिनने बसवलेली असते. डावी-उजवी दुरुस्ती मागच्या साइटने: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट पितळी पंचने हलकेच सारा. खाचेतून साइट काढायची असेल तर डावीकडून उजवीकडे ठोका, बसवताना उजवीकडून डावीकडे. उंचीचा हिशोब सोपा आहे. दोन साइटमधले अंतर इंचात मोजा, चूक इंचात मोजा, गुणाकार करा आणि लक्ष्याच्या अंतराने भागा. दोन साइटमध्ये १६ इंच आणि शंभर यार्डांवर, म्हणजे ३६०० इंचांवर, गोळी ३ इंच खाली पडत असेल तर १६ गुणिले ३ भागिले ३६००, म्हणजे जेमतेम .०१३ इंच. पोस्टकार्डाच्या जाडीइतका फरक. पुढच्या साइटचे मूळ पाते घासून हा फरक काढणे हा गुन्हा समजा. नवे पाते घ्या, ते घासा, मूळ पाते पाकिटात. गोळी खाली पडत असेल तर मागची साइट चढवा किंवा पुढचे पाते बुटके करा, वर जात असेल तर पुढचे पाते उंच हवे.

चाळिशीनंतर मागच्या साइटची खाच धूसर दिसते. टँगवर मूळच्या स्क्रूशिवाय दुसरे कारखान्याचे भोक बुजवणीच्या स्क्रूने झाकलेले असेल तर तिथे उभी छिद्राची साइट बसते, काही कापावे लागत नाही. रानासाठी त्यातली लहान चकती काढून मोठे छिद्रच ठेवा, नाहीतर संध्याकाळी अंधार दिसतो. दुर्बिणीचा विषय ९४ वर काढूच नका. रिकामी पुंगळी वरून बाहेर पडते आणि भोके पाडल्याशिवाय ती बसत नाही. आणि एक लक्षात ठेवा: पुढच्या साइटचा गोल मणी एका बाजूने उन्हात चमकतो, डोळा चमकणारा भाग मध्यावर धरतो आणि गोळी उन्हाच्या उलट दिशेला जाते. मण्याच्या पाठीवर मेणबत्तीची काजळी धरली की ही चूक निम्मी होते, काजळी पुसूनही निघते.

शंभर यार्डांवर नेम लावलेली ही १७० ग्रेनची गोळी दोनशेवर आठ-नऊ इंच खाली जाते. पण अंतराची मर्यादा काडतूस ठरवत नाही, साइट आणि हात ठरवतात. आठ इंची कागदी थाळी लावा, बसून किंवा झाडाला टेकून, जशी रानात झाडाल तशी, पाच गोळ्या झाडा. पाचही थाळीत पडतात ते सर्वांत लांबचे अंतर ही तुमची मर्यादा, आणि थंडीत, जाड हातमोज्यांत, छाती धडधडताना त्यातून पाव वजा करा. बहुतेकांचा आकडा ७० ते १०० यार्डांच्या मध्ये येतो. पेनसिल्व्हेनियाच्या ओक-मेपलच्या जंगलात हरीण बहुधा त्याच्या आतच दिसते.

पेनसिल्व्हेनियात हरणाचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता नारिंगी रंग हवा, चारी बाजूंनी दिसणारा. गाडीत किंवा गाडीला टेकवून भरलेली रायफल चालत नाही, आणि ९४ मध्ये हाच कटकटीचा भाग आहे: मॅगझिन काढता येत नाही, प्रत्येक काडतूस लिव्हर फिरवूनच बाहेर येते. म्हणजे रायफल रिकामी करताना ती पाच-सहा वेळा जवळजवळ भरली जाते. तोंड मऊ मातीकडे, बोट चापाच्या बाहेर, आणि जेवढी काडतुसे भरली तेवढीच जमिनीवर मोजा. हिशोब एकाने कमी आला तर ते आतच आहे. मी म्हणेन, चारच भरा.

चालताना चेंबर रिकामे. मचाणावर चढतानाही रिकामे, रायफल दोरीने मागून ओढायची. बसल्यावर एकदा लिव्हर फिरवून घोडा अर्ध्या खाचेवर आणा. चढवलेला घोडा खाली आणणे हीच या रायफलची सर्वांत धोक्याची क्रिया आहे: हातमोजा काढा, तोंड जमिनीकडे, अंगठ्याने घोडा पकडून चाप दाबा, घोडा हलताच चाप सोडा आणि मग तो खाचेत बसू द्या. चाप सोडल्यावरच खाच पकडते. डावीकडची कडी रिसीव्हरवर टकटक वाजते आणि हरणाला ती ऐकू जाते. कातडी वादीने दोन वेढे देऊन बांधून टाका. पट्टा हवा तर दस्त्यावर आणि नळीवर सरकवायचा बिनभोकाचा घ्या.

लिव्हर शेवटपर्यंत, जोरात फिरवायची. हळुवार, अर्धवट फिरवली की पुंगळी बाहेर पडत नाही आणि खालचे काडतूस वर येते, दोघे अडकतात. हा सराव घरी फक्त दारू आणि प्रायमर नसलेल्या नकली काडतुसांनी. जुन्या मार्लिनमध्ये अडकण्याचे कारण वेगळे असते: लिव्हर काडतूस उचलणाऱ्या भागाला घासून तिथे खळगा पाडते आणि दुसरे काडतूस खाली निसटते, ते जाणकाराकडूनच दुरुस्त करून घ्या.

हरीण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर नेम. समोरून, मागून किंवा पळताना झाडू नका. हे काडतूस मंद आहे. फुप्फुसातून गोळी गेली तरी हरीण पन्नास-शंभर यार्ड पळू शकते, म्हणून पळाले म्हणजे चुकले असे नाही. लगेच दुसरे काडतूस चेंबरमध्ये घ्या, हरीण उभे होते ती खूण नजरेत पक्की करा आणि अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे. गडद रक्त यकृताचे; तिथे आणखी काही तास द्या. हिरवट चोथा किंवा वास असेल तर पोटात लागली आहे. ढकलत नेले तर जनावर मैलभर जाईल आणि हाल होऊन मरेल, म्हणून तेव्हा सहा-आठ तास थांबण्यावाचून इलाज नाही. सापडल्यावर हलवण्याआधी टॅग भरून कानाला बांधायचा आणि शिकारीची नोंद दहा दिवसांच्या आत करायची.

घरी आल्यावर गारठलेली रायफल उबदार खोलीत उघडी ठेवू नका. सगळ्या पोलादावर दव धरते, लाकडाखालीसुद्धा. बंद पिशवीतच काही तास राहू द्या, मग पुसा. पावसात भिजली असेल तर पुढचे लाकूड आणि मॅगझिनच्या नळीमधली फट, पट्ट्यांच्या आतल्या कडा आणि दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी इथे गंज आधी धरतो. नळीत मागून ओढायचा दोरीचा ब्रश घाला, म्हणजे तोंड झिजत नाही. बाहेरून संग्रहालयात वापरतात तसल्या मेणाचा पातळ हात द्या. तेल बोटांनी पुसले जाते आणि लाकडात झिरपते. शोभिवंत कातडी म्यानात रायफल ठेवू नका, कातडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले पोलाद खातात. उडालेला मुलामा आणि तपकिरी पडलेला रंग स्टीलवूलने चमकवू नका. तो रंग तसाच राहिला पाहिजे.

हंगामाला अजून वेळ आहे, तेव्हा आधी गेज लावून तपासणी करून घ्या आणि काडतुसे मिळवा. थाळीवरचा सराव त्यानंतर.